‘क्या बात है!’ कुणाला, कधी, कसं: सांगली-मिरजेतल्या मराठी माणसासाठी हिंदीतून दाद देण्याचा सविस्तर मार्गदर्शक

घराला रंग देणारा उत्तर प्रदेशचा, किचन ट्रॉली बसवणारा सुतार राजस्थानचा, कुपवाड एमआयडीसीत मशीनवर उभा राहणारा पोरगा बिहारचा. विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातल्या गलाईवाल्यांच्या घरात तर हिंदी दिवाळीच्या सुट्टीत पाहुणी म्हणून येतेच, कारण सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेल्या या कुटुंबांतली पोरं बनारस-कानपूरकडंच वाढलेली असतात. काम सांगायला, भाव करायला, तक्रार करायला आपली हिंदी पुरून उरते. कौतुक करायची वेळ आली की मात्र ‘अच्छा है, अच्छा है’वर गाडी अडते.

नाहीतर उलटं होतं. मराठीतली दाद तशीच्या तशी हिंदीत जाते. ‘खाना एकदम भारी था’ असं आपण ‘लय भारी’च्या जोशात म्हणतो. समोरची बाई मात्र ‘जेवण जड झालं’ असं ऐकते आणि पुढच्या खेपेला तूप कमी घालते.

हा लेख अशा रोजच्या, अनौपचारिक दादेपुरता आहे. भाषणातली ‘अत्यंत सराहनीय’ वगैरे हिंदी इथं नको.

दादेचा साचा

हिंदीतली बोलीतली दाद दोन ठोक्यांची असते. पहिला ठोका उद्गाराचा: वाह, अरे वाह, क्या बात है, ग़ज़ब. दुसरा नेमक्या गोष्टीचा: काय आवडलं ते. नुसता पहिला ठोका दिला तर माणूस हसून मान हलवतो आणि विसरतो. नुसता दुसरा दिला तर ते परीक्षकाचं मत वाटतं. दोन्ही जोडले की दाद पोचते.

‘अरे वाह! क्या रंग निकला है!’
‘क्या बात है उस्ताद, एक भी जोड़ दिख नहीं रहा।’

आणि यानंतर थांबायचं. मराठी माणूस इथंच चुकतो. दाद दिल्यावर संकोच वाटतो म्हणून तो बोलतच राहतो, मग ‘बहुत अच्छा, बहुत ही अच्छा, एकदम अच्छा’ अशी माळ लागते आणि ऐकणाऱ्याला शंका येते की याला काहीतरी फुकट हवंय. त्यातही ‘लेकिन’ तर अजिबात नको. ‘बहुत बढ़िया बना है, लेकिन वो कोना थोड़ा…’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात फक्त कोना उरतो. कोपरा दुरुस्त करून घ्यायचा असेल तर तो आधी सांगा, दुरुस्त होऊ द्या, दाद त्यानंतर.

आधी माणूस ठरवा: आप, तुम की तू

मराठीत ‘तू’ फार मोकळा आहे. आई तू, देव तू, मोठा भाऊ तू. हिंदीत ‘तू’ एकतर देवाला, अगदी जिवलगाला नाहीतर भांडणात. मुंबईची हिंदी ऐकून आपण रिक्षावाल्यालाही ‘तूने अच्छा चलाया’ म्हणतो. त्याला सवय असते म्हणून तो काही बोलत नाही, पण कौतुकातली गोडी तिथंच जाते.

सोपा नियम असा. मिस्त्री, ड्रायव्हर, दुकानदार, शेजारी, सहकारी आणि आपल्यापेक्षा मोठं कुणीही: ‘आप’. कारखान्यातला लहान पोरगा, भावाचा मुलगा, रोजच्या ओळखीतला धाकटा: ‘तुम’. ‘तू’ फक्त वर्गमित्रांत आणि घरातल्या लहान मुलांशी. ‘आप’ म्हणून सुरुवात केली की वाक्याच्या शेवटीही तो आदर टिकवायचा: ‘आप बहुत अच्छा गाते हैं’. ‘आप गाते हो’ हे दिल्ली-मुंबईकडं सर्रास चालतं, पण लखनौ-बनारसकडच्या वयस्क माणसाला ते खटकतं.

हाक काय मारायची हेही आधीच ठरवा. आपल्याकडं कंडक्टरला मामा, चहावाल्याला अण्णा म्हणतो. हिंदीत अनोळखी माणसाला ‘मामा’ म्हणायची रीत सगळीकडं नाही. ‘भैया’ हा उत्तरेत थोरल्या भावासाठीचा मानाचा शब्द. महाराष्ट्रात मात्र तो इतक्या वेळा हेटाळणीनं वापरला गेलाय की कौतुकाच्या वाक्यात तो टाळलेला बरा. ‘भाई साहब’, ‘मिस्त्री जी’, वयस्क असतील तर ‘चाचा’, हातात कला असेल तर ‘उस्ताद’. ‘उस्ताद’ ही अर्धी दाद आहे. गवंडी, मेकॅनिक, शिंपी, स्वयंपाकी, कुणालाही चालते.

उद्गार: कोणता किती जड

हलक्यापासून जडाकडं जाऊ. ‘अच्छा है’ ही दाद नाही, ती पावती आहे. ‘ठीक है’ म्हणणं तर पाहुण्यांच्या घरी जेवून ‘चालेल’ म्हणण्यासारखं. ‘बढ़िया’ ही खरी पहिली पायरी. कुठंही, कुणालाही, दिवसातून कितीही वेळा. ‘बहुत बढ़िया’, ‘अरे वाह’ त्याच्या वर. मग ‘क्या बात है’, ‘कमाल कर दिया’, ‘मज़ा आ गया’, ‘लाजवाब’. त्याही वर ‘मान गए उस्ताद’, ‘आपका जवाब नहीं’, ‘दिल जीत लिया’. हे शेवटचे महिन्यातून एखाद्या वेळी पुरेत. रोजच्या चहाला ‘दिल जीत लिया’ म्हटलं की खऱ्या कामगिरीला शब्द उरत नाही.

‘शाबाश’ आणि ‘जीते रहो’ हे फक्त वरून खाली. साठीच्या सुताराला तिशीतल्या माणसानं ‘शाबाश’ म्हणणं म्हणजे त्याच्या पाठीवर थाप मारणं. तिथं ‘मान गए’ म्हणा, त्यात आपण एक पायरी खाली उतरतो. फौजेत ‘शाबाश’ वेगळ्या मानानं चालतं. साताऱ्याकडं घरटी सैनिक असलेल्या गावांतले निवृत्त सुभेदार हा शब्द बरोबरीच्यालाही देतात, तो त्यांचा अधिकार.

तरुणांचा गट वेगळाच: ‘छा गए’, ‘तोड़ दिया’, ‘फोड़ दिया’, ‘आग लगा दी’, ‘धाँसू’, ‘एक नंबर’. मित्रांत, क्रिकेटच्या मैदानावर, गणपतीच्या मिरवणुकीतल्या ढोलपथकाला हे उत्तम. यातलं ‘आग लगा दी’ लग्नाच्या आचाऱ्याला म्हणू नका, तो गॅसकडं धावेल. ‘फाड़ दिया’ मोठ्यांसमोर अश्लीलच वाटतं.

लिंग: सगळ्यात जास्त चुका इथं

मराठी आणि हिंदीत शब्द तोच, लिंग वेगळं. दादेची वाक्यं छोटी असल्यामुळं चूक उघडी पडते, लपायला जागाच नसते.

मजा मराठीत ती, हिंदीत तो. म्हणून ‘मजा आयी’ नाही, ‘मज़ा आ गया’. कमालही तशीच. आपण ‘कमाल केलीस’ म्हणतो म्हणून तोंडात ‘कमाल कर दी’ येतं, हवं ‘कमाल कर दिया’, मग करणारी बाई असो की पुरुष. चहा उलटा: मराठीत तो, हिंदीत चाय ती. ‘चाय अच्छा है’ हे सांगली स्टँडवर चालून जाईल, प्रयागराजला नाही. ‘चाय बढ़िया बनी है’. आवाजही तसाच: ‘आपका आवाज’ नाही, ‘आपकी आवाज़ बहुत सुरीली है’. आपलं ‘ते दुकान’ आणि ‘ते पुस्तक’ हिंदीत दोन्ही स्त्रीलिंगी: ‘आपकी दुकान चमक रही है’, ‘अच्छी पुस्तक है’. बाकी मराठीतली नपुंसकलिंगी नावं, काम, घर, गाणं, हिंदीत बहुतेक पुल्लिंगी होतात, तेवढा आधार पुरे.

कारागिराशी बोलताना लागणारे तीन शब्द वेगळे पाठ करून ठेवा, कारण मराठीत ते ‘ते’ आणि हिंदीत ‘ती’ आहेत: फ़िटिंग, फ़िनिशिंग, पॉलिश. ‘फ़िनिशिंग बहुत अच्छी आई है’, ‘पॉलिश ज़बरदस्त चढ़ी है’.

शंका आली तर सुटकेची वाट आहे. लिंग दिसतच नाही अशी रचना घ्या. ‘क्या + वस्तू + है!’ यात लिंग लपतं: क्या चाय है! क्या आवाज़ है! क्या काम है! वाटेल तिथं लावा, चुकणार नाही. हिंदीतल्या दादेचा हा सगळ्यात उपयोगी साचा आहे आणि नवशिक्यानं पहिला महिना यावरच काढावा.

माणसाबद्दल बोलताना क्रियापद त्या माणसाप्रमाणं बदलतं: पुरुषाला ‘आप छा गए’, बाईला ‘आप छा गईं’, मित्राला ‘छा गया तू’. पण ‘आपने’ आलं की क्रियापद कर्माप्रमाणं बदलतं: ‘आपने क्या दाल बनाई है’. मराठीतही आपण ‘तुम्ही आमटी केली’ म्हणतोच, तेव्हा हे अंगवळणी पडायला जड नाही.

‘आया’ आणि ‘आ गया’, ‘किया’ आणि ‘कर दिया’ यांतही फरक आहे. ‘मज़ा आया’ म्हणजे बरं वाटलं. ‘मज़ा आ गया’ म्हणजे खुश झालो. जोडक्रियापद गाळलं की दादेतली हवा जाते: जीत लिया, डाल दी, लगा दिए, छा गए. ‘चार चाँद लगा दिए’, ‘जान डाल दी’ ही रूपं जशीच्या तशी उचला, त्यांत काही बदलू नका.

उच्चारातल्या तीन जागा

पहिली ‘है’. आपण ‘हय’ म्हणतो, हिंदीत तो ‘हॅ’च्या जवळ आहे. ‘क्या बात हय’ म्हटलं की दाद विनोदी होते.

दुसरी ‘ज’. मराठीत दोन ज आहेत, ‘जीवन’मधला आणि ‘जरा’मधला. ‘जान डाल दी’, ‘आपका जवाब नहीं’, ‘दिल जीत लिया’ यांत ‘जीवन’चा ज. मज़ा, ग़ज़ब, ज़बरदस्त, नज़र यांत ‘जरा’च्या ज जवळचा, पण जीभ दातांना न टेकवता नुसता घासून काढलेला. आपण ‘जान’ आणि ‘जवाब’ला ‘जरा’चा ज लावतो, ती चूक लगेच कानाला लागते. ‘चार चाँद’मधला दोन्ही वेळचा च ‘चहा’चा, ‘चमचा’चा नाही.

तिसरी जागा ‘बढ़िया’. यातला ढ जीभ उलटी झटकून काढायचा, ‘गाढव’ म्हणताना येतो तसा.

तोच शब्द टोमणा कधी होतो

‘क्या बात है!’ म्हणताना ‘क्या’वर जोर आणि शेवटी स्वर खाली. शेवटी स्वर वर गेला की तो प्रश्न होतो: ‘क्या बात है?’, म्हणजे काय झालं, काही बिघडलंय का. सपाट आवाजात म्हटलं तर ऐकणारा दोन्हींच्या मध्ये लटकतो.

‘कमाल कर दिया’ ही दाद आहे. ‘कमाल करते हैं आप!’ ही तक्रार आहे. शब्द तोच, फक्त काळ बदलला. ‘आप भी कमाल करते हैं’ म्हणजे ‘काय हो तुम्ही पण!’ कौतुक नेहमी झालेल्या कामाचं, पूर्ण झालेल्या क्रियापदात. ‘वाह बेटा, वाह’ आणि ‘बहुत अच्छे!’ हे हळू, लांबवून म्हटले की उपहासच. ‘ज़्यादा होशियार’ कधीही कौतुक नसतं.

मराठीतून उचलून नेऊ नयेत अशा गोष्टी

‘भारी’चं झालंच. ‘तुमचा मुलगा चलाख आहे’ हे मराठीत बऱ्यापैकी कौतुक. ‘चालाक’ हिंदीत लबाड. तिथं ‘आपका बेटा बहुत तेज़ है’ किंवा ‘होशियार है’. ‘मला तुझा अभिमान वाटतो’चं ‘मुझे तुम पर अभिमान है’ केलं तर बोलीत ‘अभिमान’ला घमेंडीचा वास येतो. ‘तुम पर नाज़ है’ म्हणा. ‘कौतुक’ हा शब्द तर हिंदीत कुतूहल किंवा तमाशा या अर्थाकडं झुकतो, त्याला ‘तारीफ़’. ‘कार्यक्रम यशस्वी झाला’ला ‘प्रोग्राम कामयाब रहा’. ‘गोड मुलगी’ला ‘मीठी लड़की’ नव्हे, ‘प्यारी बच्ची’.

‘खस्ता’ मात्र उलट्या दिशेचा सापळा. आपल्याकडं खस्ता हालत. हिंदी माणूस तुमच्या घरची करंजी खाऊन ‘कितनी खस्ता है!’ म्हणाला तर तोंड पाडू नका. तो खुसखुशीत म्हणतोय.

वाक्प्रचार शब्दशः नेले तर फजिती ठरलेली. ‘तुमचा हात धरणारं कुणी नाही’चं ‘आपका हाथ पकड़ने वाला कोई नहीं’ म्हणजे तुम्हाला आधार कुणी नाही. हवं ‘आपका कोई जोड़ नहीं’. ‘अंगावर काटा आला’ला ‘रोंगटे खड़े हो गए’. ‘तोंडात बोटं घातली’ला ‘दाँतों तले उँगली दबा ली’. ‘नाद खुळा’ आणि ‘विषय हार्ड’ यांना हिंदी जोड शोधण्याच्या फंदात पडू नका. त्या मराठीतच म्हणा. वर्षभर इथं राहिलेल्या बिहारी पोरालाही त्या कळतात आणि आवडतात.

जागा आणि प्रसंग

*कारागिराचं काम.* आधी कामाला हात लावा. ट्रॉली एका बोटानं ढकला, दरवाजा उघडून सोडा, रंगावर तिरपा उजेड टाकून बघा. मग बोला, कारण तुम्ही खरंच बघितलंय हे त्याला दिसलेलं असतं.

‘मिस्त्री जी, क्या फ़िटिंग है! एक भी दरवाज़ा रगड़ नहीं रहा।’
‘बस साहब, आप लोगों की मेहरबानी है।’
‘मेहरबानी नहीं, मेहनत है आपकी।’

एवढंच. ‘काम में बहुत सफ़ाई है’ हे सुतार, शिंपी, गवंडी सगळ्यांना चालणारं, अगदी कारागिराच्याच तोंडचं वाक्य. पण ‘हाथ की सफ़ाई’ म्हणू नका. तसं हातचलाखीला, प्रसंगी चोरीलाही म्हणतात. ‘आपके हाथ में जादू है’ चालेल. आणि दाद पैशाच्या जागी नको. हिशोब पुरा करून मग म्हटलेलं ‘मान गए उस्ताद’ वेगळं ऐकू येतं. बाकी ठेवून म्हटलेलं नुसती टोलवाटोलवी.

*बाजार.* इथं नियम उलटा. भाव ठरेपर्यंत तोंड बंद. मार्केट यार्डात हळदीच्या ढिगापाशी उभं राहून ‘क्या रंग है!’ म्हणणारा गिऱ्हाईक किलोमागं पैसे जास्त मोजतो. सौदा झाला, काटा झाला, की मग मोकळेपणानं म्हणा: ‘माल एक नंबर है’. पुढच्या खेपेला तोच व्यापारी चांगला ढीग बाजूला काढून ठेवतो.

*जेवण.* पहिला घास घेतल्यावर लगेच एकदा आणि उठताना एकदा, मधे जेवा. पहिल्या घासाला एका पदार्थाचं नाव घ्या: ‘भाभी, क्या चटनी है!’ उठताना ‘पेट भर गया, मन नहीं भरा’ हे उत्तरेकडचं हुकमी वाक्य. याचा परिणाम आणखी दोन पुऱ्या असा होतो, ते लक्षात ठेवून म्हणा. ‘बिल्कुल घर जैसा खाना’ हे मेसवाल्याला मोठं कौतुक. कुणाच्या घरी जेवताना ते म्हणायचं नाही, कारण ते घरच आहे.

*मैफल.* मिरजेत राहून हे न शिकणं बरं नव्हे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले. 1937 मध्ये ते गेल्यानंतर मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा होते आणि तिथला श्रोता दाद देण्यात तयार असतो. त्याच्याकडं बघून शिका.

आलाप चालू असताना मोठ्यानं काही नाही. सूर लागला, ठरला, तर ओठांतल्या ओठांत ‘आहा’ किंवा नुसती मान. बंदिश सुरू झाल्यावर दादेची जागा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. तान फिरून समेवर आली की ‘वाह!’, आणि तेही सम पडल्यावर, तिच्याआधी नाही. आधी म्हटलेली ‘वाह’ गायकाच्या सुरावर पडते. अवघड जागा सहज घेतली तर ‘क्या बात है’ किंवा ‘बहुत ख़ूब’. खूप आतून आलं तर ‘सुभानअल्लाह’, पण ते ओढूनताणून म्हटलेलं पहिल्या रांगेत लगेच ओळखू येतं. ‘इरशाद’ आणि ‘मुकर्रर’ हे शब्द मुशायऱ्याचे, म्हणजे उर्दू शायरीच्या मैफलीचे: शेर सुरू करायच्या आधी ‘इरशाद’, म्हणजे सांगा, शेर आवडला, पुन्हा हवा, तर ‘मुकर्रर’. ख्यालाला ‘मुकर्रर’ म्हणणारा माणूस दोन्हींकडं नवखा ठरतो. आणि वयानं लहान असाल तर तबलजीला ‘शाबाश’ नको. ती दाद मुख्य कलाकारानं द्यायची असते.

तंतुवाद्याच्या कारागिराकडं गेलात, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरगावचे लोक बरेच येतात, तर ‘बहुत सुंदर दिखता है’ ही तिथली दाद नव्हे. दिसणं दुय्यम. तार छेडा, कान लावा आणि म्हणा: ‘जवारी क्या खुली है!’ तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग घासून आवाज खुलवायचा, ती जवारी. ती नीट लागणं हीच खरी करामत असते, त्यामुळं या एका वाक्यानं कारागीर तुम्हाला खुर्ची देतो.

*लहान मुलं, नवं घर, नवी गाडी.* आपल्याकडं दृष्ट लागेल म्हणून कौतुक जपून करतात, हिंदीतही तसंच. ‘कितना प्यारा बच्चा है, नज़र ना लगे’. मुस्लिम घरात ‘माशाअल्लाह’ आधी म्हणायची रीत आहे. ते न म्हणता बाळाच्या गुटगुटीतपणाचं वर्णन करत बसलात तर आजीच्या कपाळावर आठी येते. मुलाच्या निकालाचं कौतुक करताना शक्यतो आईबापांसमोर मुलालाच सांगा: ‘क्या नंबर लाए हो, भाई वाह!’

*बायका आणि कपडे.* बायकाबायकांत ‘यह रंग आप पर बहुत खिल रहा है’, ‘बहुत जँच रही हो’ हे सहज. पुरुषानं ओळखीतल्या बाईला ऑफिसात कौतुक करायचं तर कामाचं: ‘आपने पूरा हिसाब कितना साफ़ रखा है’. ‘ग़ज़ब ढा रही हो’, ‘क़ातिल’, ‘पटाखा’, ‘माल’, ‘आइटम’ हे शब्द गाण्यांतून कितीही कानावर पडोत, हे कौतुक नव्हे. भारतीय न्याय संहितेत अशा शेऱ्यांसाठी कलम 75 आणि 79 आहेत, आणि 79 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

गावोगावचे मसाले

समोरचा कुठला आहे हे कळलं की त्याच्या गावचा एक शब्द टाका, त्याचा चेहरा बदलतो. बनारसच्या माणसाला ‘गुरु’: ‘का गुरु, कमाल कर दिए!’ (हो, तिकडं बोलीत ‘ने’ गळतो, ‘कर दिए’ असंच चालतं.) कानपूर-प्रयागराजकडं रुबाबाला ‘भौकाल’. बिहारच्या पोराला ‘गर्दा उड़ा दिया’. इंदूरकराला ‘भन्नाट’, जे आपलंही आहे. मारवाडी दुकानदाराला ‘घणो चोखो’. एकच शब्द, एकदाच. संपूर्ण वाक्य त्या बोलीत रचायला गेलात तर नक्कल वाटते आणि नक्कल चेष्टेच्या फार जवळ असते.

मिरजेच्या गल्लीत बोलली जाणारी दखनी वळणाची हिंदी ही वेगळी गोष्ट. तिच्यात ‘नको’ आहे, ‘कायकू’ आहे, आणि लिंगाचे वर सांगितलेले नियम तिथं पुष्कळ सैल आहेत. शेजारच्या चाचींनी ‘चाय मस्त हुआ’ म्हटलं तर ती त्यांची भाषा आहे. तिथं पुस्तकी ‘चाय बढ़िया बनी है’ म्हणून दुरुस्ती करायला जाऊ नका, ‘एकदम मस्त’ म्हणा आणि कप पुढं करा.

आपलं कौतुक झालं तर

मराठी माणूस कौतुक झालं की ‘छे छे, काही नाही हो’ म्हणून झटकतो. हिंदीत तेच ‘नहीं नहीं, कुछ नहीं’ असं कोरडं गेलं तर समोरच्याची दाद परत केल्यासारखं होतं. तिथं ठरलेली उत्तरं आहेत. मोठ्यांना ‘बस, आपका आशीर्वाद है’ किंवा ‘आपकी दुआ है’. बरोबरीच्यांना ‘अरे, शर्मिंदा मत कीजिए’. मित्रांना ‘अब इतना भी मत चढ़ाओ’. एखाद्यानं फारच ताणलं तर हसून ‘बस कीजिए, नज़र लग जाएगी’ म्हणा, तो स्वतःच थांबतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजाचा चढउतार नसतो, म्हणून ‘वाह’ एकटा पाठवू नका. तो टोमणाही वाचला जातो. ‘क्या बात है’ नंतर उद्गारचिन्ह हवंच. प्रश्नचिन्ह चुकून पडलं तर समोरून ‘सब ठीक है भाई, आप बताओ’ असं उत्तर येतं. संदेश कामाच्या फोटोखाली असेल तर फोटोतली एक गोष्ट लिहा: ‘वाह मिस्त्री जी, सीढ़ी की रेलिंग तो लाजवाब बनी है’. तो फोटो आणि ते वाक्य मग तो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो.